उखळासमोरचा माणूस

डाकार,
४ नोव्हेंबर १९६५

अम्मो नखले,

तुमचे हात चुंबून लिहितो. आपली ओळख नाही, तरी काका मानून अम्मो म्हणतो. मी फद्दूल, तुमच्या गावच्या तन्नूस शल्हूबचा मुलगा. ऐन दिल्बेच काय, लेबनॉनही मी कधी पाहिलेलं नाही. जन्म इथे डाकारलाच झाला. आमचं कापडाचं दुकान आहे आणि सव्वीस वर्षांत मी उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे छापील कापडाचा तागा.

उन्हाळ्यात मी तुमच्या चर्चचे पाद्री खूरी बूलुस यांना पत्र घातलं होतं. मार इलियासच्या सणाला चौकातलं दगडी उखळ उचलतात, ते उचलायला मला कोण शिकवेल, असं विचारलं होतं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं : 'नखलेला लिही, उखळ त्याच्याच ताब्यात असतं, मात्र जिभेचा तिखट आहे, मनावर घेऊ नकोस.' म्हणून तुम्हाला लिहायचं धाडस करतोय.

कारण माझे बाबा. पस्तीस वर्षांत ते एकदाही गावी गेले नाहीत. आणि तरी गाव त्यांच्या जिभेवरून उतरत नाही. संध्याकाळी दुकानाच्या उंबऱ्यावर बसतात, समोरून आमची धुळीची गल्ली, गाढवगाड्या, मासळीवाल्या बायका जात असतात, आणि ते सांगतात की अक्रोडाच्या सावलीत झऱ्याचं पाणी कसं दात शिवशिवतील इतकं गार असतं. कधी कधी मला वाटतं, ते इथे राहतच नाहीत, फक्त दुकानापुरते येतात.

डॉक्टर म्हणतात, छाती थकली आहे, आणखी दोन उन्हाळे मिळाले तर पुष्कळ. मी तिकिटं काढू म्हटलं की त्यांचं एकच : 'आपल्या घरातलं कोणी ते उखळ उचलेल, तेव्हा मी गावात पाऊल टाकीन.' त्यांना भाऊ नाही, पुतण्या नाही. घरातलं कोणी म्हणजे मीच. त्यांनी स्वतः उखळ उचललं होतं, गाव सोडलं त्याच वर्षी. तुम्ही पाहिलं असेल ना? लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं असेल.

येत्या सणाला आठ महिने आहेत. माझ्या हातापायांच्या काड्या आहेत, खोटं सांगत नाही. शिकवाल?

तुमचा,
फद्दूल


ऐन दिल्बे,
२७ नोव्हेंबर

पोरा फद्दूल,

खूरी बूलुसने माझ्या जिभेबद्दल बोलावं, म्हणजे कमालच झाली. त्याचं रविवारचं प्रवचन ऐकून चौकातल्या कोंबड्यासुद्धा पेंगतात.

तुझं पत्र पोचलं. बापाचं नाव वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तन्नूस जिवंत आहे हे मला ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंही नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

मी पाहिलं का, म्हणतोस. पाहिलं. माझ्याइतकं जवळून दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही. त्याच्यासारखी ताकद या गावात पुन्हा झाली नाही. पण माझं नाव त्याच्याकडे काढू नकोस. पोरगा गुपचूप तयार झालेला बापाला जास्त आवडतो.

आता उखळ समजून घे. पांढरा दगड, मांडीच्या उंचीचा, मधे खोल. सणाच्या आदल्या दिवशी बायका त्यात किब्बेसाठी मांस आणि चरबी कुटतात. नंतर ते राखेने घासून धुवायचं, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपली की तेच उचलायचं. वजन कोणी केलेलं नाही. दोन मेंढे आणि एक सासू, असं आम्ही म्हणतो. आधी मांडीवर, मग छातीवर, मग डोक्यावर. उचलणाऱ्याच्या समोर त्याचा दोस्त हात पसरून उभा राहतो, दगड डगमगला तर सावरायला. त्याने मागे सरकायचं नसतं. तो सरकला तर सगळ्यांना कळतं की उचलणाऱ्यावर त्याचाच भरवसा नाही.

तुला शिकवतो, पण माझ्या पद्धतीने. चाळीस दिवस कुठल्याच वजनाला हात लावायचा नाही. नुसतं चाल आणि धाव. अनवाणी. आधी ओल्या वाळूवर, पंधरा दिवसांनी कोरड्या वाळूवर, कारण कोरडी वाळू पाय गिळते आणि पोटऱ्या तिथेच तयार होतात. तुमच्याकडे कोळी होड्या ओढत असतील. त्यांच्या दोरीला हात लाव. सगळ्यात शेवटी उभा राहा आणि तोंड बंद ठेव.

मी स्वतः काही करून दाखवू शकणार नाही. तरुणपणी पायावर दगड पडला, तेव्हापासून लंगडतो. घरापासून चौकापर्यंत जाऊन आलो की माझा दिवसाचा प्रवास संपतो. तेव्हा धावलास की मला लिही, कसं वाटलं ते.

नखले


डाकार,
३० डिसेंबर

अम्मो नखले,

कसं वाटलं विचारता? पहिल्या दिवशी मेल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी मेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी किनाऱ्यावर जातो. तिथे अख्खं शहरच धावत असतं. कुस्तीगीर पोरं वाळूत उड्या मारतात, एकमेकांना पाठीवर घेऊन पळतात, शाळामास्तर पळतात, पोलीस पळतात. मी त्यांच्यामधून लाल तोंडाने चाललेला एकटा लेबनानी. पोरं ओरडतात, 'ए कापडवाल्या, मीटर मोजतोयस का?'

होड्यांचंही केलं. रंगीत लांबलचक होड्या लाटेबरोबर येतात आणि वीस-वीस माणसं त्या वर ओढतात. तिथला म्होरक्या आलासान नावाचा म्हातारा कोळी आहे. मी दोरीच्या शेवटी उभा राहिलो, तुम्ही सांगितलं तसं तोंड बंद ठेवून. त्याने आठवडाभर माझ्याकडे पाहिलंच नाही. आठव्या दिवशी म्हणाला, 'तू दोरी ओढत नाहीस, दोरीला लटकतोस. पण रोज लटकायला येतोस, हे बरं आहे.' आणि एक मासा दिला. बाबांना सांगितलं, विकत आणला.

अम्मो, एक गंमत लिहू का? विसाव्या-बाविसाव्या दिवसापासून दम लागेनासा झाला. धावता धावता अंग हलकं होतं आणि आजूबाजूचं सगळं दूर जातं. धुकं असलं की समुद्र आणि आकाश वेगळं दिसत नाही. फेसाची रेघ पायापाशी येते आणि मला वाटतं, हा तुमचा बर्फ आहे आणि मी तुमच्या डोंगरावरून धावतोय, खाली कुठेतरी घंटा वाजतेय. मी बर्फ कधी पाहिलेला नाही. तो फेसासारखा दिसतो का?

फद्दूल


ऐन दिल्बे,
२५ जानेवारी १९६६

पोरा,

बर्फ फेसासारखा दिसत नाही. फेस जातो, बर्फ जात नाही, दार अडवून बसतो. माझं दार आज चौथा दिवस बंद आहे. शेजारचा येऊन फावड्याने वाट करतो आणि उपकार केल्यासारखा माझी कॉफी पिऊन जातो.

तुझं पत्र मी शेगडीपाशी बसून किती वेळा वाचलं ते सांगत नाही, तू डोक्यावर चढशील. मी समुद्रावर कधी गेलो नाही. वरच्या खिंडीतून लख्ख दिवशी पश्चिमेला एक निळी रेघ दिसते, तेवढाच माझा समुद्र. आणि आता तर खिंडही माझ्यासाठी समुद्राइतकीच लांब झाली. पण दुपारी जरा डोळा लागला की मी वाळूत असतो. दोन्ही पाय धड असतात. ओली वाळू थंड लागते, मग कोरडी वाळू, मग तुझ्या त्या कुस्तीगिरांच्या मधून मी सुसाट जातो आणि कोणी ओळखीचं भेटत नाही. जाग येते तेव्हा पोटऱ्या दुखत असतात. हसू नकोस, खरंच दुखतात.

आता वजनाचं. आमच्याकडे पोरं खास व्यायाम म्हणून काही करत नाहीत. डोंगरच करून घेतो. मातीच्या धाब्यावर दगडी रूळ फिरवायचा, खताच्या टोपल्या घेऊन पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात चढायचं, पडलेले बांध पुन्हा रचायचे. प्रत्येक काम अंगाचा वेगळा भाग मागतं. तूही तसंच कर, एकाच गोष्टीला चिकटू नकोस. एक दिवस धाव. एक दिवस वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन टेकडी चढ. टेकडी नसेल तर जिना शोध. एक दिवस झाडाच्या जाड फांदीला लोंबकळ, हात सुटेपर्यंत, कारण उखळ दंडाने उचललं जात नाही, बोटांनी उचललं जातं. एक दिवस लाटेच्या उलट पोह. आणि सातव्या दिवशी आडवा पड आणि काही करू नकोस. ताकद झोपेत येते, हे तरुणांना पटत नाही.

किनाऱ्यावर मोठे दगड असतील तर त्यातला एक निवड. गोल, पकड नसलेला, तुला न हलणारा. रोज त्याच्याजवळ जाऊन मिठी मार. उचलू नकोस, नुसती मिठी मार, त्याची ओळख होऊ दे.

बाबांची छाती कशी आहे?

नखले


डाकार,
१२ मार्च

अम्मो नखले,

दगड हलला! काळा, गोल, समुद्राने गुळगुळीत केलेला. महिनाभर मिठ्या मारल्या. कोळ्यांची पोरं म्हणायला लागली, कापडवाल्याचं लग्न ठरलं. आणि परवा सकाळी तो वाळूतून सुटला, मांडीवर आला, मी रडायलाच लागलो. आलासान म्हणाला, 'आता तू ओढतोस.' त्यांच्या दोरीवर मला मधली जागा मिळाली आहे.

शहराच्या टोकाला दोन टेकड्या आहेत, एकीवर दीपस्तंभ आहे. पोतं घेऊन तिथे चढतो. वर पोचलो की चारही बाजूंना निळं पसरलेलं असतं आणि वारा इतका असतो की पोतं खाली टाकलं की आपण उडून जाऊ असं वाटतं. तिथे बसलो की ऐन दिल्बे डोळ्यांसमोर येतं. बाबांनी सांगितलेलं आणि तुम्ही लिहिलेलं मिसळून एक तिसरंच गाव तयार झालंय. त्यात अक्रोडाखाली वाळू आहे.

बाबांची छाती विचारलीत. खोकला वाढला आहे, जिन्याच्या सहा पायऱ्यांवर दोनदा थांबतात. पण काल त्यांनी माझा दंड चिमटीत धरून पाहिला, गिऱ्हाईक कापड पाहतं तसा. म्हणाले, 'हा माल कुठून आला?' मी म्हटलं, हवेने. ते हसले. कितीतरी महिन्यांनी हसले, अम्मो. मला वाटतं त्यांना संशय आला आहे आणि तो त्यांना आवडला आहे.

आता एक मागणी. सणाच्या दिवशी माझ्यासमोर कोण उभं राहणार? गावात माझा दोस्त कोणी नाही. तुम्हीच उभे राहा. तुमच्याइतका भरवसा माझ्यावर दुसरं कोण ठेवेल?

फद्दूल


ऐन दिल्बे,
२ एप्रिल

फद्दूल,

शाबास. दगड मांडीवरून छातीवर न्यायला घाई करू नकोस. खाली ठेवायलाही शीक. उचलताना सगळेच पाहतात, पण माणूस दुखावतो तो ठेवताना. तळव्याला द्राक्षाएवढे फोड आले असतील, ते फोडू नकोस.

तुझ्यासमोर मी उभा राहणार नाही. हे पुन्हा विचारू नकोस. शेजारचा पोरगा इल्यान धिप्पाड आहे, त्याला सांगतो.

बर्फ वितळतोय. सगळीकडे पाण्याचा आवाज आहे. बदामाला फुलं आली आहेत. माझी झोप मात्र उडाली आहे, वाळू काही दिसत नाही.

तन्नूस माझ्याबद्दल कधी काही बोलला आहे का? नाव तरी?

नखले


डाकार,
२८ एप्रिल

नखले शदीद यांना,

अम्मो म्हणू की नको, मला कळत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून मी बाबांना विचारलं. तुम्ही नाव काढू नकोस म्हणाला होतात, पण मला वाटलं आता तुम्हालाच भेटावंसं वाटतंय. जेवताना सहज म्हटलं, 'बाबा, गावात नखले नावाचं कोणी होतं का?' त्यांचा हात ताटातच राहिला. म्हणाले, 'जिवंत आहे? चालतो?' मी म्हटलं, लंगडतो, पायावर दगड पडला होता. मग मी तुमची सगळी पत्रं आणून समोर ठेवली. त्यांनी सगळी वाचली. मग म्हणाले, 'तो दगड म्हणजे उखळ. माझ्या हातून पडलं. आता गावाचं नाव काढू नकोस.'

एवढंच. त्यानंतर ते उंबऱ्यावर बसत नाहीत. अक्रोड नाही, झरा नाही, काही नाही. आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून असतात.

मी तुम्हाला पहिल्याच पत्रात विचारलं होतं, त्यांना खांद्यावर घेतलं असेल ना. आणि तुम्ही लिहिलंत, 'जवळून पाहिलं.' किती हसला असाल! की दया आली? माझ्या बापाने तुमचा पाय घेतला आणि तुम्ही पाच महिने मला वाळूत पळवत राहिलात. कशासाठी? त्यांना गावासमोर उभं करायला?

मला त्यांना घरी न्यायचं होतं. आता ते कधीच येणार नाहीत. तुमच्या पायाकडे पाहायची त्यांची हिंमत नाही.

धावायला मी अजून जातो. दुसरं काय करावं ते सुचत नाही. पण ते तिसरं गाव आता दिसत नाही, नुसता समुद्र दिसतो.

फद्दूल


ऐन दिल्बे,
९ जून

फद्दूल,

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि तीनदा बसच्या ड्रायव्हरकडून परत मागून घेतलं. तो म्हणाला, 'अम्मो, आता देणार असाल तर द्या, नाहीतर मी हॉर्न वाजवून जातो.' तर हे चौथं. हे तू एकट्याने वाचू नकोस. बापाला मोठ्याने वाचून दाखव.

तन्नूस, ऐक.

त्या वर्षी उखळ घासायचं काम माझ्याकडे होतं. तुला आठवत असेल, त्याआधी तीन सण मी उखळाला हात लावला आणि तिन्ही वेळा ते माझ्या मांडीपर्यंतही आलं नाही. आणि तू पहिल्यांदाच उचलणार होतास आणि सगळं गाव तू उचलणारच म्हणून आधीच खुशीत होतं. माझी आईसुद्धा. किब्बे कुटून बायका घरी गेल्या आणि मी राख घेऊन बसलो. आतून घासलं. बाहेरून घासलं. आणि आतल्या कडेला, जिथे बोटं रुततात, तिथली चरबी तशीच ठेवली.

तुला इजा व्हावी असं मनात नव्हतं. देवाची शपथ घेत नाही, कारण माझ्या शपथेला आता काय किंमत आहे. मला वाटलं, पहिल्याच हिसक्याला हात सुटेल, उखळ जागच्या जागी धप्पकन बसेल, लोक हसतील आणि एक वर्ष तरी तू माझ्यासारखाच राहशील. एवढंच हवं होतं. तू माझ्यासारखा राहायला हवा होतास.

पण तुझी बोटं! चरबीवरूनही तू ते मांडीवर घेतलंस. छातीवर घेतलंस. मी समोर हात पसरून उभा होतो, तूच मला उभं केलं होतंस. तुझ्या चेहऱ्याकडे पाहत होतो आणि दगड तुझ्या हातांत निसटताना मला दिसला. मला मागे सरकता आलं असतं, तन्नूस. पुरेसा वेळ होता. पण सरकलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, याला आधीच कसं कळलं? म्हणून मी सरकलो नाही.

मग तू गेलास. आठ दिवसांत गेलास. लोक मला म्हणायचे, बिचारा नखले. पस्तीस वर्षं मी बिचारा आहे. लोकांनी मला उखळाची राखण दिली, सन्मान म्हणून. दरवर्षी आदल्या दिवशी मी ते चार चार वेळा घासतो आणि गाव म्हणतं, पाहा, किती जिवाला लावून घेतो.

पोरा, मी तुला हसलो नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, तुला शिकवलं तर थोडं फिटेल. गुपचूप, काही न सांगता फिटेल. मग तू वाळूत धावायला लागलास आणि मीही धावायला लागलो आणि मी विसरलोच की हे माझं कर्ज आहे. मला ते सुखच वाटायला लागलं. त्याबद्दल मला जास्त लाज वाटते.

तन्नूस, तुझ्या मानेवर कसलंही पाप नाही. कधीच नव्हतं. सणाच्या दिवशी चौकात मी हे सांगणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. आलास तर माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण ये. तुझ्या घराच्या दाराला मी गेल्या आठवड्यात तेल घातलं आहे, उघडतं.

नखले


डाकार,
२४ जून

अम्मो नखले,

वाचून दाखवलं. मी मोठ्याने 'चरबी तशीच ठेवली' इथपर्यंत वाचलं. मला तुमचा इतका राग आला की कागद चुरगळला. बाबांनी तो माझ्या हातातून घेतला, सरळ केला आणि उरलेला स्वतः वाचला. मग म्हणाले, 'पेन आण. आणि तिकिटं काढ.'

ते उठून बसले आहेत. कालपासून पेटी भरतायत. तीनदा भरली आणि तीनदा उपसली.

मी तुमच्यावर रागावलेलोच आहे. पण आज सकाळी काळा दगड छातीवर घेतला आणि खाली ठेवताना तुमचंच वाक्य आठवलं, म्हणून हे दोन शब्द लिहिले. उखळ उचलता येईल की नाही, माहीत नाही. बसच्या रस्त्यापासून गावापर्यंत पायऱ्याच पायऱ्या आहेत असं बाबा म्हणतात, आणि डॉक्टरांनी त्यांना चढायला मनाई केली आहे. त्यामुळे मी आता पोत्याऐवजी आलासानच्या थोरल्या मुलाला पाठीवर घेऊन टेकडी चढतो. तो वर बसून मला टाच मारतो.

मागच्या बाजूला बाबांनी लिहिलं आहे. मी वाचलेलं नाही.

फद्दूल


नखले,

गाढवा, पस्तीस वर्षं लागली तुला!

मला माहीत होतं. उखळ छातीवर आलं तेव्हाच बोटांना कळलं. ओला दगड कसा सरकतो आणि चरबीचा कसा, हे आपल्या गावात कोणाला शिकवावं लागत नाही. तू खाली पडून ओरडत होतास, सगळे तुझ्याकडे धावले. मी सदरा काढला आणि उखळाची कड पुसली. लोकांना वाटलं, रक्त पुसतोय.

का पुसली, ते तेव्हा मलाही कळलं नाही. नंतर बोटीवर विचार करायला भरपूर वेळ मिळाला. तुझा पाय गेला होता. वर नावही गेलं असतं तर त्या गावात तुला कोणी पाणी दिलं नसतं. आपल्यापैकी एकाला दोषी व्हायलाच हवं होतं आणि माझे दोन्ही पाय धड होते. लांब जाणं मलाच जमण्यासारखं होतं.

मी संत वगैरे नाही. पहिली सहा-सात वर्षं तुला रोज शिव्या घातल्या, कापड फाडताना विशेष. मग दुकान वाढलं, लग्न झालं, हा पोरगा झाला, आणि राग कधी गेला ते कळलं नाही. तू तेवढा राहिलास. मी परत आलो असतो, पण तू रोज माझ्यासमोर बिचारा होऊन बसला असतास आणि मला ते पाहावं लागलं असतं. ते मला सोसलं नसतं. म्हणून पोराला उखळाची अट घातली. म्हटलं, हा काड्यांचा पोरगा काय उचलतोय! त्याने मनावर घेतलं. तुझी पत्रं वाचली तेव्हा कळलं, कोणी मनावर घ्यायला लावलं ते. आणि तरी त्यात तू जे लिहायला हवं होतंस ते नव्हतं, म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलो.

चौकात सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी त्यासाठी येत नाही.

बोट २ जुलैला सुटते. मार्सेयला बदलून बैरूत, आणि अठराव्या तारखेच्या सकाळच्या बसने तुमच्याकडे. पोरगा म्हणतो, पाठीवर घेऊन चढवीन. मी त्याला तसं करू देणार नाही. मी बसत बसत, दोन दोन पायऱ्यांनी येईन, दुपार झाली तरी चालेल. तुलाही उतरायला वेळ लागत असणार. बसचा हॉर्न ऐकलास की तू वरून निघ, मी खालून निघतो. मधे कुठेतरी भेटू.

तन्नूस